एक जूनची माणसं

विशाखा लॅपटॉप घेऊन माझ्या ओट्यावर आली तेव्हा मुलं तेराच्या पाढ्यात अडकली होती. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत मी रोज संध्याकाळी मुलांना शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीतही ती येतात, कारण घरी थांबलं की भांडी घासावी लागतात.

"सर, अर्धा तास मुलं माझ्या ताब्यात द्या," ती म्हणाली.

विशाखा याच ओट्यावर शिकलेली. तिचा बाप कचरू त्याच्याही आधीचा, मी चितेगावच्या जिल्हा परिषद शाळेत होतो तेव्हाचा. पोरीने पुण्याच्या एका संस्थेत पीएचडीसाठी अर्ज केला होता. विषय संगणकीय आरोग्यविज्ञान, म्हणजे हजारो माणसांच्या तपासणीच्या नोंदी संगणकाला वाचायला लावायच्या आणि त्यातून आजाराची चाल ओळखायची. जागा चार, अर्ज साडेतीनशे. मुलाखत मंगळवारी, घरूनच, ऑनलाइन. यंदा नाही झालं तर मिळेल ती नोकरी धरायची, असं बापलेकीत ठरलं होतं. दोन वर्षं तिने याच एका अर्जासाठी घालवली होती.

"तुम्हीच म्हणायचे ना सर, पाचवीतल्या मुलाला सांगता आलं नाही तर ते आपल्याला आलेलंच नाही."

मी म्हणत असे खरा. मी बाजूला सरकलो.

तिने छान सांगितलं. चितेगावातल्या तेवीसशे माणसांच्या तपासणीच्या नोंदी तिने गोळा केल्या होत्या. त्यात तिला असं दिसलं की, जून महिन्यात जन्मलेल्यांना साखरेचा आजार इतरांच्या दुप्पट. का? तर त्यांच्या आयांनी शेवटचे महिने एप्रिल-मेच्या उन्हात काढले. त्या उन्हाचा परिणाम पोटातल्या बाळावर झाला आणि तो पन्नास वर्षांनी बाहेर पडला.

"आमच्या बाबांचंच बघा," ती म्हणाली. "जूनचे. आणि साखर."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही अभिमान वाटला. तो अभिमान साधारण दीड मिनिट टिकला.

पाचवीतल्या मनस्विनीला दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय आहे, बिस्किटाचा पुडासुद्धा. ती लॅपटॉपपाशी सरकली आणि जन्मतारखांचा रकाना वाचू लागली. "एक जून. एक जून. एक जून. सात नोव्हेंबर. एक जून. एक जून. ताई, यांच्या गावात त्या दिवशी केक पुरतो का?"

विशाखाने पडद्याकडे पाहिलं. तिने आजवर फक्त महिना मोजला होता, तारीख नव्हे.

"सर, हा योगायोग असेल का?"

मुलांना मी आयुष्यभर सांगत आलो की चूक दाखवली की ती अर्धी सुधारते. स्वतःवर वेळ आली तेव्हा आधी साक्षीदार हलवावेसे वाटले. मी मुलांना लवकर घरी पाठवलं. मुलं एवढ्या शिस्तीने कधीच गेली नव्हती.

"योगायोग नाही," मी म्हणालो. "मी आहे."

मग सगळं सांगितलं. त्या काळी मुलं घरी जन्मायची, तारीख कोण लिहिणार? शाळा जूनमध्ये उघडायची. पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत. म्हणून मी एक जून लिहायचो. मीच नाही, सगळेच गुरुजी लिहायचे. ज्यांच्या तारखा आम्ही लिहिल्या ते आज पन्नाशीच्या पुढे आहेत. त्यांच्या मुलांच्या तारखा दवाखान्याने लिहिल्या, त्या बारा महिन्यांत विखुरल्या. म्हणजे तुझ्या यादीत जूनवाले बहुतेक वयस्कच, आणि पन्नाशीत साखर येणारच. त्यात उन्हाचा काही दोष नाही.

"म्हणजे माझं संशोधन..."

"माझ्या अक्षरातलं आहे."

तिने लॅपटॉप मिटला आणि चहा न घेता गेली. या घरातून चहा न घेता जाणारी ती पहिलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेलो. कचरू दारातच होता. "जय भीम, गुर्जी. या. पोरगी जेवंना झालीय. काय केलं तुम्ही?"

"पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वी केलंय रे. आज उघडकीला आलं."

विशाखा आतून म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत होतं की तुमची तारीख खोटी आहे?"

"व्हय की."

"मग दर एक जूनला मी बिनसाखरेचा केक आणते, तेव्हा बोलला का नाहीत?"

"केक चांगला असतो," कचरू म्हणाला.

त्याची आई, सरूबाई, कोपऱ्यात लसूण सोलत होती. ती म्हणाली, "दुष्काळी कामावर खडी फोडत होते तवा ह्यो पोटात होता. शिमग्याला झाला. दुष्काळ त्याच्यामागून सरला."

मी हिशेब केला. बहात्तरचा दुष्काळ, म्हणजे त्र्याहत्तरचा शिमगा. मी लिहिलं होतं एक जून एकोणीसशे बहात्तर.

"कचरू, तू वर्षभराने लहान आहेस."

"मंग मोठा कसा लिहिला?"

"तुझे हात लांब होते." विशाखाला कळेना म्हणून मी करून दाखवलं. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की सहा पूर्ण. कचरूची बोटं पाचव्या वर्षीच पोचली.

"आन कंपनी मला वर्षभर आधी घरी बसवणार," कचरू म्हणाला. "ह्या कानापायी."

विशाखा पहिल्यांदा हसली. मग एकदम गंभीर होऊन आजीजवळ जाऊन बसली. "आजी, तुला वर्ष सांगता आलं नाही, पण दुष्काळ सांगता आला. बाकीच्यांनाही येईल का?"

रविवारी विशाखा, कचरू आणि मी असे तिघं चितेगावला गेलो. माझ्या हातच्या 'एक जून'वाल्या एकसष्ट जणांना तिने एकेक करून विचारलं, तुमच्या जन्माच्या आगेमागे गावात काय झालं? कुणाची विहीर, कुणाचं लग्न, कुठला पूर. चाळीस जणांची वयं चुकलेली निघाली. साळूबाई तर कागदावर स्वतःच्या धाकट्या बहिणीपेक्षा दोन वर्षांनी लहान होती. बहीण म्हणाली, "तरीच मला ताई म्हणाय लावत होती."

मंगळवारी मला कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या खुर्चीवर बसवलं आणि खोकायचं नाही अशी तंबी दिली. पडद्यावर तिघं होते. मधल्या बाईंचं नाव सुलेखा, आवाज कापडाच्या कात्रीसारखा.

"अर्जात तुम्ही उन्हाबद्दल लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आता वेगळंच सांगताय."

"मॅडम, अर्जातलं चुकलं होतं," विशाखा म्हणाली. "शुक्रवारी कळलं. नोंदीत वय चुकीचं असेल तर संगणक चूकच जास्त वेगाने करतो. मला आता ती वयं दुरुस्त करायची रीत शोधायचीय." आणि तिने एकसष्ट माणसं दाखवली, कान धरून वय ठरवायची पद्धतही सांगितली.

"हा कानाचा निकष कुठल्या कागदात आहे?"

"कागदात नाही मॅडम. शेजारच्या खुर्चीत आहे." तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मी उभा राहिलो आणि कान धरला. पडद्यावरच्या डावीकडच्या गृहस्थांचा हात आपोआप डोक्यावर गेला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिल्यावर तो खाली आला.

"गुरुजी, तुमची जन्मतारीख?" बाईंनी विचारलं.

"एक जून."

"खरी?"

"नाही. माझा हात आखूड होता. पोचायला उशीर लागला. मी कागदापेक्षा म्हातारा असणार."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बारा दिवस आम्हाला कळेना की काय लिहिलं.

निकाल लागला तो नेमका एक जूनला. यादीत चार नावं होती, तिसरं विशाखाचं. संध्याकाळी ती केक घेऊन ओट्यावर आली. बिनसाखरेचाच, सवयीने.

मुलं तुटून पडणार म्हणून मी नियम केला, ज्याचा हात कानाला लागेल त्याला आधी. रांग लागली. रांगेत सगळ्यात पुढे त्रेपन्न वर्षांचा, म्हणजे खरं तर बावन्न वर्षांचा, कचरू उभा होता. कान धरून.