चापूनचोपून बसणारं जाकीट

वहिनीच्या नणंदेचे यजमान न्हाणीघराच्या नळांचे आणि फरशांचे व्यापारी होते. पाण्याशी त्यांचा संबंध तेवढाच. पण तलावावरच्या बोट क्लबाचं अध्यक्षपद पदरात पडल्यापासून त्यांनी डोक्यावर पांढरी टोपी चढवली, आणि लोक त्यांना कॅप्टन म्हणू लागले. आधी चेष्टेनं, मग सवयीनं, आणि त्यांनी दुकानाच्या पाटीवरही तसं रंगवून घेतल्यावर नाइलाजानं.

क्लबात पोहता येणारी माणसं फार थोडी. तिथं कुणी पाण्यासाठी येतच नसे. बोटीत बसून धक्क्यावरच्यांना दिसायचं, आणि धक्क्यावर उभं राहून बोटीतल्यांना नावं ठेवायची, यात सुट्टीचा दिवस छान जाई. पण एकदा क्लबातले दंतवैद्य बोटीतून उतरताना बोट आणि धक्का यांच्या मधोमध पाण्यात गेले. बोटवाल्यानं आकडी कॉलरीत अडकवून त्यांना वर ओढलं. डॉक्टर वाचले, पण बोभाटा झाला. सरकारी पाहणी अधिकारी आले आणि बजावून गेले, की इथून पुढे लाइफ जॅकेट नसलेला माणूस बोटीत दिसला तर बोटीच बंद करू.

क्लबानं जाकिटं आणली. भडक नारिंगी, पाठीपोटावर फोमचे जाडजूड ठोकळे असलेली. सभासद ती बोटीत नेत, पण कुणी त्यावर बसे, कुणी उशाला घेई. अंगात मात्र कुणी घालेना.

एके दिवशी कॅप्टनीणबाई, म्हणजे वहिनीची नणंद, ते जाकीट काखोटीला मारून वहिनीच्या शिवणाच्या दुकानात शिरल्या आणि आरशासमोर उभं राहून त्यांनी ते अंगात चढवलं.

"वहिनी, बघ गं माझ्याकडे. काय दिसतंय?"

वहिनीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "ताई, खरं सांगू?"

"सांग."

"गॅसचं सिलिंडर."

"अगं, हेच मी ह्यांना म्हटलं! तर म्हणतात, अध्यक्षाच्या बायकोनंच घातलं नाही तर बाकीचे कशाला घालतील? आता तूच काहीतरी कर. कंबरेत घे, रंग बदल, काहीही कर. पण मला माणसात आण."

वहिनीचं दुकान एका खोलीचं. दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि भिंतीला टांगलेले शाळांचे गणवेश. उभं आयुष्य पँटची लांबी कमी करण्यात आणि सुटलेल्या पोटांसाठी शिवणी उसवण्यात गेलेलं. हातात कसब होतं, पण ते दाखवायला कापडच कधी मिळालं नव्हतं. तिनं जाकीट उलटंपालटं केलं, शिवणीत ब्लेड घातलं आणि फोमचे ठोकळे बाहेर काढले. त्यांच्या जागी मऊ कापसाचा पातळ थर बसवला, कंबरेत दोन चुण्या घेतल्या, वर निळं चकचकीत कापड चढवलं.

पुढच्या सुट्टीला कॅप्टनीणबाई धक्क्यावर उतरल्या आणि बायकांच्या माना वळल्या.

"लाइफ जॅकेट? हे?"

"आमच्या वहिनीनं शिवलंय," कॅप्टनीणबाई म्हणाल्या आणि हळूच एक गिरकी घेतली.

त्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळ्याजणी तिला वहिनीच म्हणू लागल्या, जणू गावभरच्या नणंदा. कुणाला पिवळं हवं, कुणाला मखमली कॉलर. पुरुष आधी नाकं मुरडत होते, मग तेही आले. दंतवैद्यांना पोट दिसायला नको होतं आणि खांदे रुंद हवे होते. वहिनीनं पोटातला फोम काढून खांद्यात भरला. कॅप्टननी पितळी बटणं लावून घेतली. उरलेला फोम रिक्षावाल्यांच्या सीटांमध्ये गेला आणि कधीच संपून गेला.

क्लबात आता जाकिटाशिवाय एक माणूस दिसेना. लोक जाकीट घालून बोटीत बसत, धक्क्यावर चहा पीत, आणि काहीजण तर तसेच बाजारात जात. कुणीतरी वहिनीला "कलाकार आहात हो तुम्ही" म्हटलं. त्या दिवशी ती घरी आली ती जमिनीपासून चार बोटं वरूनच.

पण एकदा एका पिवळ्या जाकिटावर खडूची खूण राहिली होती. ती धुवायला म्हणून वहिनीनं ते पाण्यानं भरलेल्या टाकीत टाकलं. जाकीट क्षणभर तरंगलं, कापसानं पोटभर पाणी पिऊन घेतलं, आणि सावकाश, अगदी ऐटीत, तळाला जाऊन बसलं. वहिनीनं हात घालून ते वर ओढलं तर ओल्या गोधडीसारखं जड. हातातलं काम तसंच टाकून ती नणंदेकडे धावली.

"ताई, ती जाकिटं बुडतात."

"कुठली?"

"सगळी. मी शिवलेली. माणूस पाण्यात पडला तर तरंगायचं सोडून उलटा खाली ओढला जाईल."

कॅप्टनीणबाई नखं रंगवत होत्या. "अगं, पण पडणार कोण? बोटीत आम्ही बसून असतो. आणि हे बघ," त्यांनी फुंकर घालत घालत सांगितलं, "तो अधिकारी येतोय. आपल्या क्लबाला सुरक्षिततेची ढाल मिळतेय. शंभर टक्के सभासद जाकीट घालतात असा क्लब दुसरीकडे कुठेच नाही म्हणे. तुझाही सत्कार आहे. आता उगाच काही बोलू नकोस."

खोटं कशाला सांगा, वहिनीला तो सत्कार हवा होता. समारंभ झाला की मग बघू, असं मनाला समजावून तिनं मूग गिळले, आणि समारंभासाठी स्वतःला नवा ड्रेस शिवला.

ढाल चांगली परातीएवढी होती. अधिकाऱ्यांनी भाषण केलं, कॅप्टननी त्याहून लांब केलं, आणि अधिकाऱ्यांना क्लबातर्फे एक जांभळं रेशमी जाकीट भेट दिलं. अधिकारी जागच्या जागी ते घालून आरसा शोधू लागले. मग कॅप्टननी जाहीर केलं, की आता मान्यवर ढालीसह बोटीतून तलावात एक फेरी मारतील, आणि सत्कारमूर्ती वहिनीही त्यांच्यासोबत असतील.

वहिनीला पोहता येत नव्हतं. कॅप्टननी तिच्यापुढे एक गुलाबी जाकीट धरलं. तिनंच शिवलेलं, कंबरेत सुरेख बसणारं.

"मला ते नको," ती म्हणाली. "ते जुनं नारिंगी आहे का कुठे?"

धक्क्यावर हशा पिकला. "बघा बघा, हलवाई स्वतःची मिठाई खात नाही!" दंतवैद्य ओरडले.

बोटवाल्यानं बोटीतली घाण पुसायला ठेवलेलं एक नारिंगी जाकीट काढून दिलं. वहिनीनं ते नव्या ड्रेसवर चढवलं आणि पट्टे गळ्यापर्यंत आवळले. आरशात पाहिलं नसलं, तरी आपण कशा दिसतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अधिकारी, कॅप्टन, कॅप्टनीणबाई, दंतवैद्य आणि वहिनी यांना घेऊन बोट धक्क्यापासून थोडी दूर गेली असेल नसेल, तोच काठावरचा फोटोवाला हात हलवू लागला. "साहेब, ढाल वर धरा! बाकीचे या बाजूला या, चेहरे दिसत नाहीयेत!"

"उठू नका! मधे बसा, मधे!" बोटवाला ओरडला. पण फोटोवाल्यापुढे त्याचं कोण ऐकणार? सगळे मान्यवर एकदम उभे राहिले आणि सगळे एकाच बाजूला गेले. बोटीनं मान तुकवली आणि मान्यवरांना, टोपीसकट आणि ढालीसकट, अलगद पाण्यात ओतलं.

पाणी छातीभरच होतं, खाली गुडघाभर गाळ. अधिकारी, कॅप्टन आणि दंतवैद्य हात वर करून गाळात रोवल्यासारखे उभे राहिले. वहिनी मात्र बुचासारखी वर आली. ती घाबरून हातपाय मारत होती, पण जाकीट तिला बुडूच देईना. आणि मग तिनं पाहिलं, की निळं जाकीट दिसत नाहीये. कॅप्टनीणबाईंची उंची बेताची. छातीभर पाणी त्यांच्या नाकाच्या वर जात होतं, आणि अंगावरचा ओला कापूस त्यांना खाली ओढत होता. एक हात वर आला, रंगवलेल्या नखांचा, आणि पुन्हा खाली गेला.

"ताई! मला धरा! अहो, मला धरा!" वहिनी पाणी तुडवत तिकडे सरकली आणि तिनं तो हात पकडला. कॅप्टनीणबाईंनी तिच्या गळ्याला अशी मिठी मारली की आजवरच्या नणंद-भावजयीच्या सगळ्या कुरबुरी त्यात चेपून गेल्या असाव्यात. नारिंगी जाकीट दोघींच्या भारानं थोडं खाली गेलं, पण बुडालं नाही. बोटवाल्यानं वल्हं पुढे केलं तेव्हा कॅप्टनीणबाई ठसका लागल्यामुळे बोलू शकत नव्हत्या, तरी वहिनीला सोडत नव्हत्या.

चार दिवसांनी क्लबाची बैठक झाली. कॅप्टननी निष्कर्ष सांगितला: सर्व मान्यवरांनी जाकिटं घातली होती, एकही मान्यवर बुडाला नाही, म्हणजे जाकिटांनी आपलं काम चोख बजावलं. दोष फोटोवाल्याचा. अधिकाऱ्यांनीही तसंच लेखी कळवलं होतं, कारण ढाल त्यांनीच दिलेली होती.

वहिनी मागच्या रांगेतून उठली. "जाकिटांनी काहीही केलं नाही. त्यांच्यात फोमच नाहीये. मी काढून टाकला. तुम्हाला बारीक दिसायचं होतं आणि मला वाहवा हवी होती. ती घालून पुन्हा पाण्यावर जाऊ नका."

दंतवैद्यांनी घसा साफ केला. "माझ्यातही नाही?"

"तुमच्या खांद्यात आहे, डॉक्टर. पोटात नाही. परत पडलात तर खांदे वर आणि बाकीचे तुम्ही..." वहिनीनं हातानं दाखवलं.

"मग फोम परत घाला," कॅप्टन म्हणाले, "पण दिसता कामा नये."

"फोम घातला की फुगणार. त्याला इलाज नाही."

यावर बराच खल झाला आणि शेवटी विषय पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला. लगेच आलेल्या सुट्टीला सगळे पुन्हा तीच चापूनचोपून बसणारी जाकिटं घालून बोटीत बसले. सगळं माहीत असून! वहिनी काठावरून बघत राहिली. खरं बोलायला तिनं एवढा जीव गोळा केला होता, आणि खरं ऐकून कुणाच्या कंबरेत बोटभरही फरक पडला नव्हता.

संध्याकाळी तिनं नणंदेला गाठलं. कॅप्टनीणबाई त्या दिवसापासून पाण्याकडे पाठ करूनच बसत होत्या.

"ताई, बारीक जाकीट कुणामुळे सुरू झालं?"

"माझ्यामुळे." त्यांचा आवाज पडला होता.

"मग जाडही तुमच्यामुळेच होईल. फक्त गिरकी तशीच घ्यायची."

वहिनीनं पाणी न पिणारा चांगला फोम आणवला. या खेपेला तिनं तो लपवला नाही. त्याचे गुबगुबीत पट्टे पाडले, त्यावर जाड टीप मारली, कॉलर मानेमागे उशीसारखी उभी केली आणि वर लालभडक कापड घातलं. लांबून दिसावा असा लाल. एकेक जाकीट ती टाकीत बुडवून, वर दगड ठेवून बघत होती. दगडासकट वर येईपर्यंत तिच्या जिवाला चैन नसे.

कॅप्टनीणबाई ते घालून धक्क्यावर आल्या तेव्हा क्लबाच्या दारातून आडव्या होऊन आत शिरल्या.

"ताई, हे काय?" एकीनं विचारलं. "फार जाड नाही का दिसत?"

कॅप्टनीणबाईंनी तिच्या पिवळ्या जाकिटाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझं अजून बारीकच आहे का गं?" त्या कनवाळूपणे म्हणाल्या. "असू दे, असू दे. तसं काही वाईट दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी रांग लागली. महिन्याभरात क्लबात कोण जास्त फुगतंय याची चुरस सुरू झाली. दंतवैद्य दोनदा जाकीट बदलून गेले, कारण कॅप्टनचं त्यांच्याहून गुबगुबीत होतं. बोटीच्या बाकावर जिथं चौघं कोंबून बसत तिथं आता दोघंच मावू लागले, आणि फोटोसाठी उठायचं म्हटलं तर एकमेकांत अडकून उठताच येईना. बोटवाल्याला गर्दीवरून घसा कोरडा करायची गरजच उरली नाही. अधिकारी पुन्हा आले, प्रसन्न झाले आणि आणखी एक ढाल देतो म्हणाले.

त्या दुसऱ्या ढालीच्या समारंभाच्या दिवशी वहिनी धक्क्याच्या पायऱ्यांवर, गर्दीपासून लांब बसली होती. अंगात स्वतःच शिवलेलं लाल जाकीट होतं. खाली पाण्यात कॅप्टनीणबाई उताण्या पडल्या होत्या. हल्ली त्या रोजच पडत. पहिल्या दिवशी पायरी सोडत नव्हत्या, आता पाय सोडून हात पसरून निवांत तरंगत होत्या.

"ये गं वहिनी. काही होत नाही. तूच तर शिवलंयस."

"म्हणूनच भीती वाटते, ताई."

वरती कॅप्टननी ध्वनिवर्धकावर टकटक केली आणि दूरदृष्टीवर बोलायला सुरुवात केली. दूरदृष्टी त्यांचीच होती. वहिनीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि ती पायऱ्या उतरली. पाणी गार होतं. पायरी सुटली तेव्हा तिनं डोळे मिटून नणंदेचा हात घट्ट धरला. जाकिटानं तिला खालून उचललं, मान उशीवर टेकली, पाय आपसूक वर आले.

"कान पाण्यात जाऊ दे," नणंद म्हणाली. "मग बघ."

वहिनीनं कान पाण्यात जाऊ दिले आणि डोळे उघडले. धक्क्यावर कॅप्टनचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, हातवारे चालले होते, लोक टाळ्या वाजवत होते. ऐकू मात्र काहीही येत नव्हतं.