एका चौकोनाहून लहान राई

आमच्या कचेरीत संगणकात जंगलं वाढवतात. कुठे कोणती झाडं आहेत ते यंत्राला सांगायचं, बी किती लांब उडतं, वणवा कसा सरकतो याचे नियम घालायचे आणि कळ दाबायची. चहा निवायच्या आत पडद्यावर शंभर वर्षं उलटतात. जंगल हिरवं दिसतं, वस्ती करडी. खऱ्या जंगलात आमच्यातलं कुणी सहसा जात नाही, तिथे नेटवर्क नसतं.

मी मात्र रोज झाडांत जायचे, तेही नाइलाजाने. कचेरीच्या मागे एक छोटी राई होती आणि तिला लागूनच आमची क्वार्टर्स. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर माझे वडील, अप्पा, त्या राईत नव्याने चालायला शिकत होते. काठी धरायची म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. त्यापेक्षा एका झाडाला हात टेकून ते उभे राहत, दम घेत आणि जीव मुठीत धरून पुढच्या झाडापर्यंत जात. झाडांना त्यांनी टोपणनावंही दिली होती. दाराजवळचा दांडगट, मग तिरका, आणि अगदी शेवटी गुळगुळीत सालीचा टकल्या. टकल्यापर्यंत पोचण्याच्या दिवसाची ते वाट बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याहून जास्त मीच बघत होते.

अशात आमच्या संचालकसाहेबांनी मनावर घेतलं, की मोठा संगणक आणायचा आणि त्याचं गारेगार दालन राईच्या जागेवर बांधायचं. पण माणूस सचोटीचा, शास्त्राला विचारल्याशिवाय शिंकायचाही नाही. त्यांनी मलाच बोलावलं आणि सांगितलं, राई तोडली तर आसपासच्या जंगलाचं काय होईल ते यंत्रावर चालवून बघा. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मागच्या उघड्या टेकडीवर बी जायचं ते या राईतूनच, तेव्हा यंत्र आपल्याच बाजूने बोलणार याची मला खात्री होती.

यंत्राने उत्तर दिलं, परिणाम शून्य.

मी कपाळाला हात लावला. आमच्या पद्धतीत नकाशाचे मोठमोठे चौकोन पाडतात आणि एका चौकोनाला एकच रंग देतात. चौकोनात ज्याचं राज्य मोठं, त्याचा रंग. राई बिचारी आमच्या चौकोनाच्या कोपऱ्यात होती. उरलेल्या जागेत कचेरी, क्वार्टर्स, कँटीन आणि गाड्या लावायची जागा. त्यामुळे चौकोन करडा. यंत्राच्या लेखी तिथे झाडं नव्हतीच, मग नसलेली झाडं तोडून कुणाचं काय बिघडणार होतं?

मी साहेबांना हाताला धरायचंच काय ते बाकी ठेवून खिडकीशी नेलं. त्यांनी राईकडे बघितलं, मग पडद्याकडे बघितलं, आणि विश्वास पडद्यावर ठेवला. मी म्हणाले, चौकोन लहान करा, राई आपोआप दिसेल. यावर ते इतके खूश झाले की मलाच धास्ती वाटली.

"अगदी मुद्द्याचं बोललात," ते म्हणाले. "पण इतके बारीक चौकोन या यंत्राला झेपायचे नाहीत. त्याला मोठं यंत्र लागेल."

"आणि मोठ्या यंत्राला?"

"दालन. म्हणून तर घाई आहे."

बैठकीत सगळ्यांनी साहेबांची री ओढली. माझ्याबद्दल ठरलं ते एवढंच, की मी हुशार आहे पण भावनिक आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण क्वार्टर्स कचेरीची होती आणि नोकरीही, तेव्हा तणतणत का होईना, मी खाली बसले.

झाडं पडली तेव्हा अप्पा गॅलरीत उभे होते. टकल्या पडल्यावर ते आत आले आणि खुर्चीत बसले. त्यानंतर ते चालायला उठले नाहीत. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "कुठे जायचंय?"

दालन झालं, मोठा संगणक आला. शब्दाचे पक्के असल्यामुळे साहेबांनी पहिलं काम माझंच लावलं, बारीक चौकोनांचं. आमच्या रिवाजाप्रमाणे सुरुवात जुन्या, राई तोडण्याआधीच्या नकाशापासून केली. पडद्यावर राई उगवली, हिरवीगार. बी टेकडीवर गेलं, टेकडी हिरवी होत गेली. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एकाच्या लक्षात आलं, की आपण उभे आहोत त्या जागी यंत्र आजच्या तारखेला झाडं दाखवतंय. साहेबांचा चेहरा पडला. यंत्र चुकतंय, दुरुस्त करा, असं त्यांनी मला बजावलं. मी म्हणाले, यंत्र बरोबर आहे, आपण चुकलोय. असेलही, ते म्हणाले, पण दुरुस्ती यंत्राचीच करता येते.

घरी आले तेव्हा अप्पा खिडकीशी बसले होते. समोर दालनाची भिंत होती आणि तिच्यातले पंखे घरघरत गरम वारा आमच्याकडे फेकत होते.

"काय म्हणतंय तुमचं नवं यंत्र?" त्यांनी विचारलं.

"राई अजून शंभर वर्षं टिकली असती म्हणतंय. टेकडीही भरली असती."

अप्पांनी भिंतीकडे हात केला.

"मग तोडली कशाला?"

"हे कळावं म्हणून," मी म्हणाले.