एक कोयता समुद्रात

"आवं, आपुन फिरून तिथंच आलो!" सरूबाई मागून ओरडली.

समोर समुद्रात तोच काळा खडक आणि त्यावर तोच बगळा होता. दोन माणसांची पिवळी कयाक होडी घाण्याच्या बैलासारखी गरगर फिरत होती आणि पुढं बसलेले गहिनीनाथ दातओठ खाऊन वल्हं मारत होते.

"तू मार की नीट! कामून बसून ऱ्हायलीस?"

"मी बी मारायलेच की!"

त्यांची लेक शिवकन्या शेजारी आपल्या कयाकवर होती. हसून हसून तिचं पोट दुखायला लागलं. "माय, तुमी दोघं बी उजवीकडंच मारायलात. वल्ह्याला दोन पाती हायत. एकडाव उजवीकडं, एकडाव डावीकडं."

सरूबाईलाही हसू फुटलं. उजवीकडंच मारणार की! लग्नाची हळद उतरायच्या आत उजव्या हातात कोयता आला होता, तो अजून सुटला नव्हता. ऊसतोडीच्या मुकादमाच्या लेखी नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर तो अर्धा. सरूबाईचा जन्म असा अर्धा कोयता म्हणूनच गेला होता आणि त्याचं तिला फारसं काही वाटतही नव्हतं.

यंदा दुष्काळानं ऊसच कमी, म्हणून कोल्हापूरकडच्या सहकारी कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला. टोळी गावाकडं, वडवणीला परतली आणि ही दोघं घाट उतरून मालवणला लेकीकडं आली. गावाकडं जायची घाई कुणाला होती? विहिरीत घागर बुडेल एवढं पाणी नव्हतं. टँकर आला की आधी भांडणं व्हायची, मग पाणी मिळायचं.

शिवकन्या कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत वाढली. तिथल्या नदीत पोहायला शिकली आणि आता मच्छीमारांच्या सहकारी संस्थेत पर्यटकांना समुद्रात फिरवायची. सहकारी म्हटलं की सरूबाईच्या डोळ्यांपुढं धुराडं उभं राहायचं. इथं धुराडं नव्हतं, मळीचा वास नव्हता आणि माणसं चक्क हसत कामाला जात होती. कालपासून ती चक्रावूनच गेली होती.

गहिनीनाथ मात्र फिरायला आले नव्हते. केजच्या पतसंस्थेत नोकरीला असलेलं स्थळ शिवकन्येला सांगून आलं होतं. मुलाचे मामा सुंदरराव यांची अट एकच होती, मुलीनं हे पाण्यातलं काम सोडून आधी घरी यावं. लेकीला घेऊनच परत जायचं असं गहिनीनाथांनी ठरवून टाकलं होतं. काल जेवताना त्यांनी विषय काढला, तेव्हा शिवकन्या म्हणाली, "आबा, आधी माझं काम तर बघा. मग बोला." स्थळ चांगलं होतं आणि लेकही खूश दिसत होती. कुणाची बाजू घ्यावी हे सरूबाईला कळेना.

"आवं, ऐका," आता ती नवऱ्याला म्हणाली. "फडातल्यावानी करू. तुमी उजवीकडं तोडा. मी डावीकडं मोळ्या बांधते."

गहिनीनाथांनी वळून पाहिलं. मग उजवीकडं वल्हं घातलं. सरूबाईनं डावीकडं घातलं. कयाक डगमगली, थोडी वाकडी झाली आणि सरळ सुटली.

"हां! चल!" गहिनीनाथ म्हणाले.

"चला!"

बघता बघता त्यांनी शिवकन्येला मागं टाकलं. "आबा, थांबा! पुढं खडक हायत!" ती ओरडत होती. थांबतंय कोण! तोंडावर पाणी उडत होतं, सरूबाईचा पदर कुठल्या कुठं गेला होता आणि नवरा पोरासारखा हसत होता. तो असा हसतो हे ती विसरूनच गेली होती.

एका खाचेत मात्र थांबावं लागलं. तिथं पर्यटक कड्यावरून समुद्रात उड्या मारत होते. शिवकन्या खाली पाण्यात गेली आणि येईल त्याला धरून खडकाला लावू लागली. एक धिप्पाड पाहुणा वर कड्याच्या टोकाशी अडून उभा होता. ती त्याच्याशी बोलत राहिली, जराही वैतागली नाही. शेवटी त्यानं उडी मारली आणि पाण्यावर येऊन तिचे हात धरून रडला. सरूबाईचा ऊर भरून आला. एवढी माणसं आपल्या पोरीच्या हाती जीव सोपवून देतात!

"मी बी मारते उडी," ती म्हणाली.

"येड लागलं का? पवता येतं का तुला?"

"मला न्हाई येत. लेकीला येतंय की."

तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, लाइफ जॅकेटचे पट्टे ओढले आणि कडा चढली. दोन पुरुष उंची असेल. वर गेल्यावर तिनं खाली पाण्याकडं पाहिलं.

"माय, पाण्याकडं बघू नको. माझ्याकडं बघ."

सरूबाईनं लेकीकडं पाहिलं आणि उडी टाकली.

कानात पाणी, नाकात पाणी. मग उजेड आणि दोन हात. "धरलंय, माय. धरलंय तुला."

ही पोरगी तान्ही असताना उसाच्या फडात झोळीत रडायची आणि हातातली मोळी पुरी झाल्याशिवाय सरूबाईला तिला उचलता यायचं नाही. ते तिला आजवर सलत होतं. आज त्याच पोरीनं तिला क्षणभरही वाट पाहायला लावली नव्हती. ती लेकीच्या गळ्याला मिठी मारून रडली, हसली, चूळभर खारं पाणी थुंकली.

मग मान वर करून ओरडली, "आवं! पोरगी हितंच ऱ्हाईल!"

गहिनीनाथ कड्यावर येऊन उभे होते.

"आन सुंदररावाला काय सांगू?"

"सांगा, पोरगी कामावर हाय!"

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, नीट घडी घातली, खडकावर ठेवली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवला.

"शिवकन्ये," त्यांनी वरून विचारलं, "मला बी धरशील ना गं?"

"या, आबा."

सरूबाई खडकाला धरून जरा बाजूला सरकली आणि तिनं नवऱ्यासाठी जागा करून दिली.