हजाराव्या कोयत्याचा भोंगा

भोंगा खरं तर आग लागल्यावर वाजवायचा. पण अंबाजोगाईच्या ‘नांगरट सॉफ्टवेअर’मध्ये तो आनंद झाला की वाजवायचे. ही अक्कल मालकाची, बद्रीनाथची. पुण्यात सात वर्षं नोकरी करून तो गावाकडं परतला, अकरा पोरापोरींना घेऊन कंपनी काढली आणि पहिल्याच दिवशी भिंतीवर पाटी लावली: ‘आपण एक कुटुंब आहोत.’ त्याला कुणी सर म्हटलेलं खपायचं नाही, दादा म्हणायचं. यश लहान असो की मोठं, ते साजरं झालंच पाहिजे, नाहीतर माणसं नुसती बैलासारखी राबतात, असं त्याचं म्हणणं. म्हणणं वाईट नव्हतं. माणूसही वाईट नव्हता, आणि पुढं जे झालं त्यातला खरा वैताग तोच आहे. वाईट माणसाला निदान शिव्या तरी देता येतात.

भोंगा आला भंगारातून. जवळचा एक सहकारी साखर कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. त्याचं उरलंसुरलं लोखंड निघालं तेव्हा इसाकभाई मेकॅनिकनं ही वस्तू उचलली: हातानं फिरवायचा दांडा, वर कर्णा, आणि अंगावर लाल रंगाचे पोपडे. कारखान्यात आग लागली तर वाजवायला तो ठेवलेला असायचा. बद्रीनाथनं तो विकत घेऊन ऑफिसच्या खिडकीत बसवून घेतला. ज्याच्या हातून यश आलं, त्यानं दांडा फिरवायचा, असा नियम ठरला.

सत्यभामा कंपनीतली पहिली पोरगी. भोंग्याला तिनं लगेच ओळखलं. तिचे वडील त्याच कारखान्यात बॉयलरवर हंगामी होते आणि घरी जेवताना ह्या भोंग्याच्या गोष्टी सांगायचे. कारखाना बंद पडला आणि त्यांनी हातात कोयता घेतला. बीडकडचा माणूस दुसरं काय करणार? दिवाळी आली की बायकोला घेऊन, गाडीत बसून, दुसऱ्यांच्या उसाला. त्यातच ते गेले. मग आई केसरबाई आणि मोठा भाऊ म्हाळू अशी माय-लेकाची जोडी जायला लागली. सत्यभामा वसतिगृहात राहून शिकली, कॉम्प्युटरची पदविका काढली. धाकटी रुक्मिण आता दहावीला होती. पंधरा वर्षांची, गणितात पहिली, तोंडानं फटकळ. तिच्या हाती कोयता येऊ द्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट सत्यभामानं आयुष्यात ठरवलेली होती. बाकी कशाचं तिला काही पडलं नव्हतं.

एकदा रुक्मिण ऑफिस बघायला आली तेव्हा भोंग्याच्या दांड्याला हात लावून म्हणाली, “तायडे, मी फिरवू?”

“दहावी पास हो. तुझ्या नावानं वाजवीन. पार आपल्या चौसाळ्यापर्यंत ऐकू जाईल.”

“बघ हां, बोललीस.”

कंपनीच्या सॉफ्टवेअरचं नाव ‘टोळी’. कृष्णेकाठच्या एका सहकारी कारखान्यासाठी ऊसतोड मजुरांची नोंदणी त्यावर व्हायची. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. ह्या अर्ध्यांनी सगळा घोळ घातला होता. हिशेब जुळेनात, गाड्यांचं वाटप चुके, रोज कारखान्याचे फोन. शेवटी कारखान्याचे शेतकी अधिकारी मोहनराव म्हणाले, “अर्धा कोयता ठेवूच नका. मुकादमानं जोडी लावूनच आणावी.”

काम सत्यभामाकडं आलं. चार दिवसांत तिनं ते करून दाखवलं. अर्ध्या कोयत्याचा पर्यायच काढून टाकला. जोडीदाराचं नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकेना. आणि कुणी न सांगता आणखी एक गोष्ट केली. अठराच्या खालचं वय टाकलं की नोंद नाकारायची, आणि फॉर्मच्या तळाशी बालविवाहाच्या मदतीचा फोन नंबर. त्याचं बद्रीनाथला फार कौतुक वाटलं. “बघा,” तो सगळ्यांना म्हणाला, “ही आपली संस्कृती!”

श्रावण कोरडा चालला होता तेव्हाची ही गोष्ट. पहिला बिनचूक अहवाल गेला आणि सत्यभामानं पहिला भोंगा वाजवला. झालं, गल्ली उठली. निम्म्या बायका टँकर आला म्हणून घागरी घेऊन धावल्या, निम्म्या आग लागली म्हणून. खालच्या मजल्यावर बांगड्यांचं दुकान चालवणारी म्हातारी हजराबी तर अनवाणी, हातात भरलेली बादली घेऊन जिना चढून आली. त्या दिवसांत भरलेली बादली म्हणजे काय, ते दुष्काळ पाहिलेल्यालाच कळेल.

“आग किदर लगी?” ती धापा टाकत म्हणाली.

सगळे पोट धरून हसले. बद्रीनाथनं तिच्या हातावर पेढा ठेवला, गल्लीत पेढे वाटले. त्यानंतर भोंगा बऱ्याचदा वाजला, पण कुणी मान वर केली नाही. कंपनीवाल्यांना काहीतरी आनंद झाला असेल, एवढं गल्लीला कळून चुकलं.

पाऊस आलाच नाही. त्यामुळं कंपनीची भरभराट झाली. लाजायचं काय त्यात, खरं ते खरं. शिवारात काम नाही म्हटल्यावर जो तो कोयत्याला निघाला आणि नोंदणीचा आकडा दसऱ्यापासून धावत सुटला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो आकडा दिसायचा. पाचशे, सातशे, नऊशे. बद्रीनाथनं ठरवलं, हजारावा कोयता दणक्यात साजरा करायचा. त्या जोडीला कंपनीचं नाव विणलेली साडी, टॉवेल-टोपी, आणि गाडी सुटताना पडद्यावर समोरासमोर बोलणं. कार्यक्रमाची सगळी तयारी सत्यभामाच्या गळ्यात पडली.

त्याच आठवड्यात रुक्मिणचे फोन आले. एकदा सत्यभामा मोहनरावांशी बोलत होती. दुसऱ्यांदा पडदा बंद पडला होता. तिसऱ्यांदा तिनं फोन कापला आणि निरोप टाकला, ‘कार्यक्रम झाला की बोलते.’ रुक्मिणला दिवाळीनंतर अंबाजोगाईला आपल्या खोलीवर आणायचं, हे तिनं मनात पक्कं केलं होतं. खोलीतल्या दोघींना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. मोहनराव खास गाडी करून आले. शाल झाली, नारळ झाला. हजाराव्या जोडीचं नाव बद्रीनाथनं मुद्दाम गुपित ठेवलं होतं. आदल्या दिवशीच साडी त्यानं परस्पर चौसाळ्याला पोचती केली होती. पडद्यावर आकडा लागला: एक हजार. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बद्रीनाथनं सत्यभामाला हाताला धरून भोंग्याजवळ उभं केलं, कारण हा मान तिचाच.

पडदा उजळला. चौसाळ्याचा हायवे, कडेला उभा ट्रक, ट्रकमध्ये गोधड्या, पत्रे, कोंबड्या. मुकादम राधाकिशन फोन धरून हसत होता. त्यानं फोन वळवला आणि कंपनीच्या जांभळ्या साडीत, डोक्यावर पदर घेतलेली रुक्मिण दिसली. शेजारी टोपी घातलेला एक पोरगा, ओठावर नुकती लव फुटलेली.

“तायडे!” रुक्मिण ओरडली. “मला वाटलंच तू असशील!”

ऑफिसात क्षणभर कुणाला काही कळेना. मग कुणीतरी म्हणालं, “अरे, ही तर सत्यभामाची बहीण!” आणि जो टाळ्यांचा गजर झाला, तसा त्या ऑफिसात कधीच झाला नव्हता. काय योगायोग म्हणे! कुटुंब म्हणजे कुटुंब म्हणे!

सत्यभामानं टाळ्यांवरून ओरडून विचारलं, “रुक्मे, तू तिथं काय करायलीस?”

“लगीन झालं की माझं. सोमवारी. म्हाळूदादाचं आन् माझं एकाच मांडवात. आईनं सांगितलं न्हाई व्हय तुला?”

साटंलोटं. म्हाळूला ज्या घरची पोरगी केली, त्याच घरच्या पोराला, अर्जुनला, रुक्मिण दिली.

“कावून गं? कावून केलं असं?”

“आता आईची कंबर गेली, तिला उठवंना. दादा एकटा राह्यला. आन् मुकादम म्हनला, औंदा आर्धा कोयता न्हाई. मशीनच घेत न्हाई म्हनं. भाऊ-भैनीची जोडी त्याला चालंना. दादा आर्धा, हे बी आर्धेच. मंग दोन्ही जोडून टाकले.” ती हे हसत हसत सांगत होती. फसवल्याचा राग तिच्या तोंडावर नव्हता. गणित सोडवून दाखवल्यासारखी ती बोलत होती. “नऊशे नव्व्याण्णव दादा, हजार आमी.”

सत्यभामाच्या डोक्यात एकच वाक्य राहिलं. ‘मशीन घेत नाही.’ मशीन कसलं? ती. तीच घेत नव्हती. चार दिवस बसून, चहावर चहा पिऊन, तिनंच ते दार लावलं होतं आणि लावल्याबद्दल पेढे खाल्ले होते.

ती बद्रीनाथकडं वळली. “दादा, ती पंधरा वर्षांची आहे. दहावीला आहे.”

टाळ्या विझल्या. बद्रीनाथचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं मोहनरावांकडं पाहिलं. मोहनरावांनी खांद्यावरची शाल सारखी केली आणि पडद्याकडं बोट केलं. “नोंद एकोणीसची आहे. कमी वय असतं तर तुमच्या मशीननं घेतलंच नसतं की.”

“मुकादमानंच एकोणीस टाकलं,” पलीकडून रुक्मिण मदतीला आली. “पंधरा टाकलं तर लाल हुतंय.”

“आपण बघू, सत्यभामा,” बद्रीनाथ हळू आवाजात म्हणाला. “नक्की बघू. आधी एवढा कार्यक्रम होऊ दे.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हेही सांगायला हवं. पण त्याच्या डोळ्यांतल्या पाण्यानं कुणाचा ट्रक अडणार होता?

“रुक्मे, उतर खाली,” सत्यभामा ओरडली. “मी निघते. दोन तासांत येते.”

“उतरून जाऊ कुठं?” आता मात्र रुक्मिणचं हसू गेलं. “घराला कुलूप घातलंय. शेळ्या इकल्या. आई गाडीत निजून हाय, दादा हाय, समदा गावच निघालाय. वसतिगृह उघडलंच न्हाई, पानी न्हाई म्हून. तुला तेच इचाराया फोन केलता. तुझ्याकडं राहू का म्हून. तीनदा केलता, तायडे.”

ट्रकचं इंजिन सुरू झालं. राधाकिशनच्या हातातला फोन हलायला लागला. सत्यभामानं स्वतःचा मोबाईल काढला. मदतीचा नंबर तिला पाठ होता. तो टाकणारी तीच. अंगठ्यानं तिनं तो दाबतही आणला, आणि नाव कुणाचं सांगायचं ते तिला दिसलं. केसरबाई, आई. म्हाळू, भाऊ. कंबर मोडलेली म्हातारी गाडीतून काढून चौकीत बसवायची, आणि ते तिनं करायचं. अंगठा तसाच राहिला. त्या क्षणाची लाज तिला पुढं जन्मभर पुरणार होती.

“तायडे,” पडद्यावरून आवाज आला, इंजिनाच्या घरघरीत तुटक तुटक. “वाजीव की. दहावी पास झाल्यावर वाजवीन म्हनली व्हतीस ना? आता दहावी कुठली? आजच वाजीव. मला ऐकू दे.”

सत्यभामानं दांडा धरला आणि फिरवला. सुरुवातीला तो घुमला, मग चढला, मग सगळ्या अंबाजोगाईवर पसरला. साजरा करताना पोरं चार वेढे द्यायची नि हसून सोडून द्यायची. ती थांबेना. अंगातलं सगळं बळ लावून, दातओठ खाऊन, केस सुटेपर्यंत ती फिरवत राहिली, कारखान्यात आग लागल्यावर वडिलांनी फिरवला असता तसा. पडद्यावर जांभळा पदर एकदा हलला आणि पडदा काळा झाला. रेंज गेली होती. कोपऱ्यातला आकडा तेवढा चालू होता. तो एक हजार एक झाला.

खिडकीखाली गल्लीत टँकरची रांग लागलेली होती. पन्नास-साठ बायका, घागरी, पोरं. भोंगा त्यांच्या डोक्यावर बोंबलत होता. सत्यभामा प्रत्येकीकडं बघत होती. एकीनं तरी मान वर करावी, एकीनं तरी घागर टाकून धावत यावं, काय झालं गं म्हणून विचारावं. एका माणसानं सायकलवरून जाताना कानावर हात ठेवला. बायका रांगेत एक पाऊल पुढं सरकल्या.

“बस, सत्यभामा,” बद्रीनाथ म्हणाला. “बस कर.”

तिनं हात सोडला. भोंगा लगेच थांबत नाही. तो बराच वेळ आपल्या आपण उतरत राहिला. तो पुरता गप्प झाल्यावर खाली हजराबी दुकानाच्या दारात आली, डोळ्यांवर हात धरून तिनं वर खिडकीकडं पाहिलं आणि हाक मारली.

“आज कायकी खुशी है गे बेटी? पेढे भेज नीचे.”