कागद मागून येईल

“भरून घ्या, काका. कागद मागून येईल. मी आहे ना!”

आवाज तिचा स्वतःचाच होता. खणखणीत, शंकेला जागा न ठेवणारा. लवादाच्या खोलीतून बाहेर पडल्यापासून तो तिच्या मागे लागला होता. बसमध्ये चढली तर तो आधीच जागा धरून बसलेला, भाजी घ्यायला थांबली तर तो पिशवीत शिरलेला. दुसऱ्याचं बोलणं माणूस कानाआड करतो. आपलंच कुठल्या कानाआड करायचं?

ती एका शिक्षणसंस्थेच्या बांधकाम विभागात इंजिनीअर होती. साइटवर सगळे तिला इंजिनीअरबाई म्हणत. संस्थेनं मुलींचं वसतिगृह बांधायला काढलं तेव्हा ठेका काकांना मिळाला. काका म्हणजे तिच्या नात्यातले कुणी नव्हेत. पण हेल्मेटच्या आत रुमाल बांधणारा, मजुरांवर ओरडताना बाई दिसल्या की शिवी अर्ध्यावर गिळणारा, साठी उलटलेला माणूस. त्याला काका नाही तर काय म्हणायचं?

पायाच्या खोदाईत एका कोपऱ्यात जमीन भुसभुशीत लागली. खणत गेले तसा राडारोडा निघाला, फुटकी कौलं निघाली, मग काळं पाणी. कुणीतरी कधीकाळी बुजवलेली विहीर! कुठल्याही नकाशावर तिचा पत्ता नव्हता. दुपार कलली तशी खड्ड्याची एक कड घसरली आणि पलीकडच्या घराच्या भिंतीवर भेग उमटली. त्या घरात एक म्हातारा घड्याळजी एकटा राहत होता.

“गाळ उपसून विहीर काँक्रीटनं भरायची, आणि ती आत्ताच,” काका म्हणाले. “पण हे काम ठेक्यात नाही, बाई. लेखी द्या. साहेबांची सही आणा.”

तिनं ऑफिसला फोन लावला. मोठे साहेब बैठकीत होते. पुन्हा लावला, तरी बैठकीतच. भेग मात्र कुणाच्या बैठकीसाठी थांबणारी नव्हती. आणि मग ती ते वाक्य बोलली.

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भेगेकडे. रुमालाची गाठ घट्ट केली. “तुम्ही आहात ना? झालं तर मग.”

विहीर भरली. घड्याळजीची भिंत वाचली. काम तेवढं काही आठवडे मागे पडलं. आणि कागद?

दुसऱ्याच दिवशी तिनं साहेबांना सगळं सांगितलं. साहेब फायलीतून मान वर न काढता म्हणाले, “पायाचं काम त्याचंच आहे. कागदबिगद देऊन उगाच पायावर धोंडा पाडून घेऊ नका.” तिनं मान डोलावली. मनात म्हटलं, सोमवारी नीट समजावून सांगू. सोमवारी साहेब रजेवर. मग स्लॅबची गडबड, मग नळजोडणीची. काका अधूनमधून विचारत, “बाई, तेवढं कागदाचं?” ती म्हणायची, “होतंय, काका.” पुढेपुढे त्यांनी विचारणं सोडलं. तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणंच आज सगळ्यांत जास्त टोचत होतं.

वसतिगृह उभं राहिलं, मुली राहायला आल्या, गॅलऱ्यांत कपडे वाळू लागले आणि संस्थेनं काकांचं शेवटचं बिल रोखून धरलं. विहिरीच्या भरावाचे पैसे नाहीत, कारण लेखी आदेश नाही. वर काम लांबलं म्हणून दंड. म्हणजे ज्या कामामुळे उशीर झाला त्याचा मोबदला द्यायचा नाही, आणि त्याच उशिराचा दंड मात्र कापायचा. आपणच पाडायचं, आणि वर लागलं का हेही विचारायचं नाही!

तंटा झाला तर कोर्टात न जाता लवादाकडून निवाडा घ्यायचा, असं करारातच होतं. लवाद म्हणून दोन्ही बाजूंनी एका निवृत्त मुख्य अभियंत्याला नेमलं. सुनावणीला बँकेच्या वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली, लांब टेबल, गळक्या एसीखाली प्लास्टिकची बादली. टेबलाच्या एका बाजूला संस्था, दुसऱ्या बाजूला काका आणि त्यांचा तरुण वकील. आज सकाळी तिथं तिची साक्ष होती. संस्थेकडून.

आत जाण्याआधी साहेबांनी तिला जिन्यापाशी गाठलं. “हे बघा, तुम्ही सांगितलं म्हणालात तर अर्थ काय होतो? नियम मोडून तुम्ही काम करवून घेतलं. मग नोकरीचं मी काही करू शकणार नाही. खोटं बोला असं मी म्हणत नाही हं! आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. माणूस विसरतो.”

घरी ती आणि आई. कमावणारं माणूस एकच. ती जिना चढू लागली.

साक्षीत करारातलं एक पान तिच्या हाती दिलं, आणि तिनं पर्स उलथीपालथी केली तर चष्मा नाही. सकाळच्या घाईत ऑफिसात राहिला होता. अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागली. तेवढ्यात टेबलापलीकडून काकांनी डोळ्यांवरचा चष्मा उतरवला, शर्टाला पुसला आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

“घ्या, बाई. नंबर जमेल. चाळिशीनंतर सगळे एकाच नंबरच्या रांगेत उभे असतात.”

खोली हसली. लवादसुद्धा हसले. संस्थेचे वकील म्हणाले, “वा! समोरच्या पक्षाच्या चष्म्यातून बघताय, सांभाळून!” पुन्हा हशा. तिनं चष्मा लावला. एका काडीचा स्क्रू गेलेला होता. तिथं सळया बांधायची बारीक तार पिळून बसवली होती.

काकांच्या वकिलानं विचारलं, “विहीर भरायला यांना कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला?” संस्थेचे वकील मध्येच म्हणाले. “भरली असेल यांनी हौसेनं!”

लवादांनी हात वर केला. “बाई, मला एवढंच हवं आहे. तोंडी का होईना, तुम्ही सूचना दिली होती का? या एका उत्तरावर बरंच अवलंबून आहे.”

जवळचं वाचायचा चष्मा. त्यातून लांबचं धूसर दिसतं. टेबलापलीकडचा काकांचा चेहरा तिला दिसत नव्हता. त्या क्षणी ते बरंच वाटलं.

“मला आठवत नाही,” ती म्हणाली.

लघुलेखिकेची बोटं टकटकली आणि वाक्य कागदावर गेलं. तिनं काकांना दिलेल्या शब्दाला मात्र तेवढं भाग्य कधी मिळालं नव्हतं. उरलेली साक्ष उद्यावर गेली. बाहेर आल्यावर संस्थेचे वकील खुशीत म्हणाले, “फर्स्टक्लास! ‘आठवत नाही’ची उलटतपासणी करून कोण काय करणार?”

ती घरी पोचली तेव्हा आईची संध्याकाळच्या प्रार्थनेची तयारी चालली होती. आईचा एक नेम होता, स्वतःच्या लग्नाच्याही आधीचा. परक्याची वस्तू घरात असताना देवापुढे दिवा लावायचा नाही. शेजारणीची वाटी असो, कुणाची छत्री असो, नजरचुकीनं आलेलं दुसऱ्याचं पत्र असो. ज्याचं त्याला पोचलं की मग दिवा. लहानपणी ती ऐन खेळातून उठून वाट्या पोचवायची आणि आईवर चिडायची. “एक दिवस देवाला सवलत दे ना!” आई म्हणायची, “अगं, सवलत देवाला नाही, मला हवी असते. एकदा घेतली की दर वेळी घ्यावीशी वाटते.”

सुट्ट्या पैशांसाठी आईनं तिची पर्स उघडली आणि आतून तार गुंडाळलेला चष्मा काढला.

“हा कुणाचा गं?”

साक्षीवरून उठताना आपला समजून तिनं तो पर्समध्ये टाकला होता आणि काकांनी परत मागितला नव्हता. मागणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

“काकांचा. ठेकेदार काकांचा.”

“मग त्या माणसाला सकाळपासून अक्षर दिसलं नसेल,” आई म्हणाली. “जा, देऊन ये. मी थांबते.”

काकांचं घर फार लांब नव्हतं. पुढच्या अंगणात पूर्वी काँक्रीटचा मिक्सर उभा असायचा. आता तिथं फक्त तेलाचा काळा डाग होता. दार काकूंनी उघडलं. काकू तिला ओळखत होत्या. साइटवर कधी जेवणाचा डबा द्यायला आल्या की तिच्यासाठीही काहीतरी घेऊन यायच्या.

“चष्मा आणलात? बरं झालं,” काकू म्हणाल्या. “मघापासून पेपर माझ्याकडून वाचून घेतायत आणि मी वाचते ते यांना पटत नाही. जसं काही बातम्या मीच बनवते.”

“कोण, बाई आल्यात?” आतून काका आले. चष्मा हातात घेऊन त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. आता तिलाही त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

“मिक्सर कुठं गेला?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“विकला,” काकू म्हणाल्या. “विहीर भरायला आलेल्या माणसांची मजुरी थकवायची का? त्यांना कुणी सांगितलं होतं ते त्यांना बरोबर आठवत होतं. यांनीच सांगितलं होतं.”

“तू जरा गप बस बघू,” काका म्हणाले.

“मी गप्पच आहे. या घरात वस्तू परत द्यायला विसरणारे येतात, त्यांना मी पाणी देते. बोललेलं विसरणाऱ्यांना काय देतात, ते मला माहीत नाही.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “काका, सकाळी मी...”

काकांनी हात वर केला. “नाही, बाई. तुमची साक्ष अर्धी आहे. माझ्याशी त्यावर बोलायचं नाही, नाहीतर माझाच वकील मला हाकलून देईल. आधीच त्याला माझे पैसे मिळालेले नाहीत.” ते हसले, पण हसू टिकलं नाही. मग म्हणाले, “एक विचारू? खटल्यातलं नाही. त्या घड्याळजीची भिंत उभी आहे का अजून?”

“आहे. भेग बुजवून रंग दिलाय त्यानं.”

“झालं तर मग,” काका म्हणाले.

तेच शब्द. तेव्हा त्यांत विश्वास होता. आताही तो नव्हता असं नाही, आणि हेच तिला सोसवेना. काकांनी रागानं दोन शब्द सुनावले असते तर ती हिशेब चुकता झाला असं समजून घरी गेली असती.

फाटकापाशी तिनं मागे वळून हळूच म्हटलं, “काकू, कागद आणते.”

“केव्हा?”

“उद्या.”

“उद्या?” काकूंनी फाटकाची कडी लावली. “हा पाहुणा आमच्या चांगला ओळखीचा आहे, बाई. येतो येतो म्हणतो.”

घरी आई देवापुढे बसली होती. “दिलास?”

“चष्मा दिला.”

आईनं काडेपेटी उचलली. लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि काडी ओढायची थांबली. “आणखी काही राहिलंय का त्यांचं आपल्याकडे?”

ती आईशेजारी जमिनीवर बसली. “हो, आई. मी शब्द दिला होता. तो माझ्याकडेच राहिला.” आणि मग तिनं सगळं सांगितलं. साहेबांचं, जिन्याचं, नोकरी जाऊ शकते तेही. आईनं ऐकून घेतलं. शेवटी काडेपेटी जागेवर ठेवली.

“मग आज कसा लावू?”

त्या घरात कितीतरी वर्षांत पहिल्यांदा दिवा लागला नाही. आईनं अंधारातच प्रार्थना म्हटली, रोजच्याच चालीत. अपराधी माणसाला सर्वांत कठीण काय असतं? शिक्षा नव्हे. आपल्यापायी दुसऱ्या कुणी अंधारात बसणं.

सकाळी उजाडताच तिनं ऑफिसातल्याची वाट न पाहता कपाटातला जुना चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला आणि ती टेबलाशी बसली. तेव्हाच लिहायला हवा होता तो कागद लिहायला घेतला. विहिरीचा कोपरा, घसरलेली कड, भिंतीवरची भेग, साहेबांना लावलेले फोन, आणि मग: ‘विहीर भरण्याची सूचना मी स्वतः तोंडी दिली. लेखी आदेश देते असं सांगून मी तो दिला नाही. काल साक्षीत मी आठवत नाही म्हटलं; मला आठवत होतं.’ तारखेपाशी हात थांबला. शेवटची दोन वाक्यं गाळून मागची तारीख टाकली तर सगळंच सोपं होणार होतं. काका सुटले असते, तीही सुटली असती. शाई पेनाच्या टोकाशी जमून एक ठिपका पडला. तिनं त्या ठिपक्याशेजारी आजची तारीख घातली आणि सही केली.

आई उठली होती. दिवा घासून लखलखीत केलेला, नवी वात घातलेली, काडेपेटी शेजारी.

“नोकरी गेली तर, आई?”

“तर तू दुपारी घरी असशील. दोघी मिळून भाजी निवडू.” आईनं तिच्या पदराची चुणी सारखी केली, शाळेत पाठवताना फ्रॉकची करायची तशी. “जा. देव काही कुठं पळून जात नाही. तू मात्र उशीर करू नकोस.”

ऑफिसची गाडी घ्यायला येणार होती. साहेब गाडीतच असणार आणि वाटेत चार गोष्टी समजुतीच्या सांगणार. तिनं ड्रायव्हरला फोन केला, “आज मला नेऊ नका. माझी मी येते.” मग कागदाची घडी पर्समध्ये ठेवली. जुना चष्माही आठवणीनं आत टाकला. दार आवाज न करता ओढून घेतलं आणि बँकेच्या रस्त्यानं चालू लागली.