लांब बाह्यांचा ब्लाउज

"ह्या दोन फोटोंत फरक काय, सांग."

अनिरुद्धने मोबाइल संघमित्रापुढे धरला. मालिकेचा हा दिग्दर्शक रागावला की आवाज चढवत नसे, उलट हळू बोले, आणि तेच जास्त भयंकर. एका फोटोत मालिकेतल्या खुनाआधीच्या थोरल्या काकू, कोपरापर्यंतच्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये. दुसऱ्यात खुनानंतरच्या. तीच मोरपंखी साडी, पण बाह्या थेट मनगटापर्यंत. कुणा प्रेक्षकाने दोन्ही शेजारी शेजारी टाकले होते आणि सकाळपासून लाखभर लोक हसत होते.

"नऊ वर्षं ड्रेस बघतेस ना? वाट लावलीस यार. उद्यापासून येऊ नको."

नऊ वर्षं संघमित्रा विक्रोळीहून गोरेगावच्या ह्या स्टुडिओत येत होती आणि तिच्या हातून कधी टिकलीसुद्धा चुकली नव्हती. हीसुद्धा चूक नव्हतीच. मालिकेत एकाच दिवसाच्या ह्या दोन्ही दृश्यांचे चित्रीकरण चार दिवसांच्या अंतराने झाले होते. मधल्या काळात काकूंची भूमिका करणाऱ्या विमलाताई इस्पितळात जाऊन आल्या, हातावर सलाइनच्या सुयांचे निळे डाग घेऊन. "आजारी आहे कळलं तर काढतील गं मला," एवढेच म्हणाल्या होत्या. संघमित्राने मुकाट्याने लांब बाह्यांचा ब्लाउज काढून दिला. आता खरे बोलावे तर तिचे काम वाचणार होते आणि ताईंचे जाणार होते. ताई कोपऱ्यात संवादाचा कागद धरून बसल्या होत्या, पण त्यांचे कान इकडेच होते.

"चूक नाही सर ती," संघमित्रा बोलून गेली. "पुरावा आहे."

"कसला पुरावा?"

कसला ते तिलाही अजून ठाऊक नव्हते. पण बोलून बसली होती.

"मयताच्या नखांत कातडी सापडली, असं डॉक्टर सोमवारच्या भागात म्हणाले ना? म्हणजे खुन्याच्या हातावर ओरखडे पाहिजेत. हळदीकुंकवाच्या बायका अंगणात, घरात तिघंच. सून स्लीव्हलेसमध्ये. नोकराचा शर्ट अर्ध्या बाह्यांचा. दोघांच्या हातावर काही नाही. राहिल्या काकू. आणि त्यांनी साडी का नाही बदलली? कारण साडी पन्नास बायकांनी बघितलीय. ब्लाउज कोण लक्षात ठेवतं सर?"

अनिरुद्धने फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला.

"झकास!" तो म्हणाला. "लेखक तीन आठवडे डोकं खाजवतोय, खुनी सापडत नाही त्याला. काकूच खुनी!"

संघमित्राचा जीव भांड्यात पडला. तो पुरता पडतो न पडतो तोच अनिरुद्ध मागे वळला. "विमलाताई, शुक्रवारी अटक. तो तुमचा शेवटचा दिवस."

खुनी पकडला की मालिकेतून जातो, एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. ताईंना आगीतून काढून तिने फुफाट्यात टाकले होते. तिला स्वतःची लाज वाटली. ताई नुसत्या "बरं" म्हणाल्या.

शुक्रवारी पोलीस काकूंची बाही वर करणार आणि ओरखडे दिसणार, असे ठरले. मेकअपमन रंग घेऊन आला तेव्हा ताईंनी हात मागे घेतला. "संघमित्रा काढेल."

कपड्यांच्या खोलीत संघमित्राने बाही दुमडली. निळे डाग अजून गेले नव्हते.

"ताई, मी..."

"तुझं बरोबरच होतं गं. ऐकता ऐकता मलाच पटलं, खून मीच केला असणार." त्या हसल्या. "नीट काढ. आणि फोटो घेऊन ठेव, पुन्हा कुणी चूक काढायला नको."

संघमित्राने ब्रश लाल रंगात बुडवला आणि सुयांचे डाग झाकले जातील असे एकेक ओरखडा काढू लागली. ताईंनी हात जरासुद्धा हलवला नाही.