थोरलीचा टाक

सकाळ साधीच होती. जुन्नरजवळच्या मढ गावातल्या घरात गोजरबाई चिंचेने देव घासत बसली होती. चांदीच्या पत्र्यावर उमटवलेले बोटभर टाक. खंडोबा, म्हाळसा, मुक्ताई, आणि घरातले गेलेले वाडवडील. एकेक उजळून ती ताम्हणात ठेवत होती आणि नव्या सुनेला, सोनलला, आजचं काम सांगत होती.

लेकाची, गोकुळची, पहिली बायको मंगल सवाष्ण गेली होती. तिचा टाक जुन्नरच्या सोनाराकडून करून आणायचा आणि सोनलने गळ्यात बांधायचा. रोज जेवणाआधी त्याला हात लावायचा. नवं लुगडं आधी त्याच्यावर ठेवायचं, मग नेसायचं. दुसरेपणावर आलेल्या बाईला हे करावंच लागतं, नाहीतर गेलेली थोरली कोपते.

"कोपायला काय केलं व्हतं तिला, आत्याबाई?" सोनलने हसत विचारलं.

"तोंड लई चालतंय तुजं," गोजरबाई म्हणाली. ती हसली नाही. पुरण शिजत होतं, तिकडे उठून गेली.

*

सोनाराकडे बाईचे दोन ठसे होते. एक नुसती हात जोडून उभी. दुसरी कडेवर मूल घेतलेली. चेहरा दोघींचा एकच.

"लेकरू ठिवून गेली का तशीच?" सोनाराने विचारलं. "कंचा ठसा मारू, भाऊ?"

"साधाच मारा."

"साधं न्हाई इचारलं. लेकरू हाय का न्हाई?"

प्रश्न अवघड नव्हता. सोनलने गोकुळकडे पाहिलं. बघायच्या कार्यक्रमात तिच्या माणसांना सांगितलं होतं, पहिलीला मूलबाळ नव्हतं. गोकुळ नारायणगावच्या मार्केटला पिकअप चालवतो, रस्त्यावर कुणाला बधत नाही. तो आता दुकानाबाहेर रिव्हर्स घेत येणाऱ्या एसटीकडे बघत होता. एसटी लागली. कंडक्टरची शिट्टी थांबली.

"पोरगी हाय," तो म्हणाला.

सोनाराला म्हणाला. बायकोला नाही.

*

पोरगी आहे. तिचं नाव श्रेया, वय सहा.

तिच्या जन्मानंतर मंगलला ताप आला. देव्हाऱ्यातल्या डबीतला अंगारा तिच्या कपाळाला लावला. ताप वाढला, पुन्हा लावला. देवाच्या नावाची चिमूटभर राख. माणसाला धीर द्यावा, एवढंच राखेचं काम. घराने तिच्यावर डॉक्टरचं काम टाकलं आणि वाट बघितली.

मग मंगल गेली, आणि घरात कुणीही अंगाऱ्याला किंवा स्वतःला बोल लावला नाही. पोर पांढऱ्या पायाची निघाली, असं ठरलं. दुपट्यात गुंडाळून तिला आंबेगावच्या बाजूला, चिमाबाईकडे, म्हणजे मंगलच्या आईकडे पोचवलं. त्यानंतर कोणी गेलं नाही.

अंगाऱ्याची डबी अजून देव्हाऱ्यात आहे. आज सकाळी तीही चिंचेने घासली होती.

*

"लेकरू असलेला मारा," सोनल सोनाराला म्हणाली.

टाक झाला. काळ्या गोफात ओवला. तिने तो गळ्यात बांधला नाही, मुठीत धरला. पोर कुठे असते ते तिने गोकुळकडून काढून घेतलं.

"आई वाट बघतीया," गोकुळ म्हणाला. "नैवेद्य झाला आसंल."

"गाडी तिकडं घ्या," मोटारसायकलवर मागे बसत ती म्हणाली.

*

चिमाबाईच्या अंगणात सोनल एकटीच गेली. गोकुळ मोटारसायकलपाशी थांबला. किल्ली काढली, पुन्हा लावली.

सोनलने आपण कोण ते सांगितलं आणि टाक दाखवला. चिमाबाईने तो हातात घेतला नाही.

"पूजा करत्यात व्हय तिची आता? ताप व्हता तवा एक जीप न्हाई मिळाली. चांदी बरी मिळाली."

भांडी विसळत बसलेली श्रेया ओले हात फ्रॉकला पुसत जवळ आली. तिने टाक उलटासुलटा करून पाहिला.

"ही कोन?"

"तुझी आई."

"आन् कडंवर?"

"तू."

पोरीने मूठ मिटली. मग मोटारसायकलकडे बोट केलं. "आन् ते?"

"त्यांनाच इचार," सोनल म्हणाली.

श्रेया गेली. माणसापुढे उभी राहिली. वर बघून विचारलं, "तुमी कोन?"

गोकुळने किल्ली पुन्हा काढली.

"पावणा हाय," तो म्हणाला.

पोरीने मान डोलावली आणि घरात गेली. पाहुण्यांना पाणी द्यायचं असतं, हे तिला शिकवलेलं होतं. तांब्याभर पाणी आणून तिने त्याच्यापुढे धरलं.

तो ते प्यायला.

*

घरी गोजरबाईने थोरलीचं ताट वाढून ठेवलं होतं. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, वर तुपाची धार. देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत नैवेद्यापुरती थोरलीसाठी एक जागा मोकळी ठेवली होती. सोनलचा गळा मोकळा पाहून तिने विचारलं, टाक कुठाय?

"जिची आई, तिच्यापाशी. आत्याबाई, पोर ह्या घरात ईल तवा टाक ईल. तवर माझा गळा मोकळाच राहील. थोरली कोपली तर माझ्यावर कोपू द्या. मला न्हाई वाटत ती माझ्यावर कोपंल."

गोजरबाईने लेकाकडे पाहिलं. त्याने सुनेला गप्प करावं, म्हणून. गोकुळ उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता.

"तिनं इचारलं मला, कोन म्हनून," तो म्हणाला. "मी पावणा म्हनून सांगितलं, आई. तिनं पानी दिलं."

पोळीवरचं तूप गोठत चाललं होतं. गोजरबाईने थोरलीचं ताट उचललं. देवापुढे ठेवावं, तर रांगेत थोरली नव्हती. कुणाला त्या ताटावर जेवायला बसवावं, तर थोरलीचं कोणी घरात नव्हतं. चांदीची बाई काही खात नाही, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं असं नाही.

ताट हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.